ओळख न दाखवणारा माणूस

माझ्या मामाइतका उद्धट माणूस या भागात दुसरा नाही, असं अर्ध्या गल्लीचं मत होतं. काल ज्या बाईशी तासभर बोलत बसला होता, ती आज औषधाच्या दुकानाबाहेर समोर आली की मामा मान वर करायचा आणि तारेवरची कबुतरं मोजायला लागायचा. लहानपणी त्याचं बोट धरून चालताना मी हे कितीदा पाहिलंय. एकदा मी मोठ्यानं म्हणाले, "मामा, त्या बघ, परवा आपल्या दुकानात..." पुढचं तोंडातच राहिलं, कारण त्यानं माझं बोट असं दाबलं की मी कळवळले. घरी आल्यावर म्हणाला, "दुकानातलं माणूस दुकानात. रस्त्यात त्यांनी हाक मारली तर बोलायचं. आपण होऊन नाही."

मामा केसांचे टोप बांधायचा. लोक विग म्हणतात, पण तो शब्द त्याच्यासमोर काढला की त्याच्या कपाळावर आठी यायची. विग पिशवीतून घरी नेतात, टोप बांधून घ्यावा लागतो, असं त्याचं म्हणणं. आजारपणात केस गेलेली माणसं त्याच्याकडे यायची, जन्मतःच केस नसलेली यायची, आणि तिशीतच टक्कल पडलेले, आरशाशी भांडण झालेले पुरुषही यायचे.

दुकानाला पाटी नव्हती. कापडाच्या गोदामाला लागून एक राखाडी दार आणि दाराला घंटी. यायचं या दारानं आणि जायचं मागच्या बोळातल्या दारानं, म्हणजे दोन गिऱ्हाइकं एकमेकांना दिसायची नाहीत. आत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर लाकडी डोकी. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाचं डोकं मामा स्वतः तासून घ्यायचा, त्यावर नाव नाही, नुसता आकडा. मी पहिल्यांदा मोजली तेव्हा साठ होती, शेवटची मोजली तेव्हा दोनशे बारा. त्या डोक्यावर बारीक जाळी ताणायची आणि केसाएवढ्या आकडीनं एकेक केस ओढून गाठ मारायची. एका टोपाला तीस-चाळीस हजार गाठी, पाच आठवडे काम. केसाचं मूळ कुठलं आणि टोक कुठलं हे त्याला बोटांनी कळायचं. उलटा केस बांधला तर गुंता होतो, आणि मामाच्या टोपात गुंता झालेला कोणी पाहिला नव्हता. खरं तर मामाचा टोपच कोणी पाहिला नव्हता. ओळखू आला तर तो मामाच्या हातचा नाही, एवढी साधी गोष्ट होती. या माणसानं एकतीस वर्षं जीव ओतून जे काम केलं, ते कोणाला दिसलं नाही म्हणजेच ते चांगलं झालं. आणि गंमत अशी की त्याचे स्वतःचे केस अजून असे दाट की कंगवा अडकावा.

आता मामी. मामीचं गुपित सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही, आणि आता ते गुपित राहिलेलंही नाही.

सव्विसाव्या वर्षी मामीला मोठा ताप आला आणि तापाबरोबर केस गेले ते गेलेच. मामा तेव्हा नाटकवाल्यांच्या पोशाखांच्या कारखान्यात दाढ्यामिश्या चिकटवायचा. त्यानं पहिला टोप बांधला तो बायकोसाठी. दुकान त्यातून निघालं, दोन दारं त्यातून निघाली, आणि कबुतरं मोजायची सवयही त्यातूनच. दर तीन वर्षांनी तो मामीसाठी नवा टोप बांधायचा, असे अकरा झाले. आणि प्रत्येक टोपात तो आधीच्यापेक्षा थोडे जास्त पांढरे केस घालायचा. चौथ्यात कानशिलांवर पाच-सहा. सातव्यात भांगाजवळ एक बट. नवव्याची कपाळावरची कड अर्ध्या बोटानं मागे. आरसा समोर धरून तो मामीच्या चेहऱ्याकडे डॉक्टर बघतो तसा बघायचा आणि ठरवायचा, यंदा किती. मामीला म्हातारं मामानंच केलं, आणि ते इतक्या बेतानं केलं की तिच्या सख्ख्या बहिणीलाही कळलं नाही. वाचनालयात पुस्तकं देण्याच्या टेबलावर मामी बसायची. तिथं येणाऱ्या बायका म्हणायच्या, "तुम्ही रंग लावत नाही ते किती छान दिसतं." मामी हसायची आणि पुस्तकावर शिक्का मारायची.

मला कळलं ते नऊ वर्षांची असताना. न्हाणीघराची कडी नीट बसत नव्हती. मामी स्टुलावर बसली होती, टोप शाम्पूच्या बाटलीवर होता. तिनं डोकं झाकलं नाही, ओरडली नाही. म्हणाली, "बघितलंस? बरं. आता विसर." मी बावीस वर्षं विसरून दाखवलं. आईला सांगितलं नाही, मैत्रिणींना नाही, नवऱ्याला नाही. माझ्या अंगात फार सद्गुण आहेत अशातला भाग नाही, पण हा एक होता. मला त्याचा अभिमान होता.

आता माझ्या धंद्याबद्दल. मी लोकांची दुकानं फोनवर चालवते. एका दंतवैद्याचं अकाउंट, एका गादीवाल्याचं, एका बुटांच्या कारखान्याचं. रोज काय टाकायचं, कुठल्या रंगात, कुठल्या सुरात, हे मी ठरवते. नव्या गिऱ्हाइकाला मी ठरलेलं भाषण देते: आज जे गाजतंय त्याच्या मागे धावलात तर लोक गाणं लक्षात ठेवतील, तुम्हाला नाही. ट्रेंड घ्या, पण त्याला आपले कपडे घालून घ्या. मापाचे होत नसले तर दारातूनच परत पाठवा. हे भाषण मी इतकं छान देते की दंतवैद्यानं एकदा टाळ्या वाजवल्या होत्या.

दोन चौक पलीकडे एक चकचकीत दुकान निघालं. मोठ्या काचा, पांढरे दिवे, यंत्रावर बनलेले विग रांगेत, घाला आणि निघा. त्याच्या मालकाला आम्ही चकचकीतच म्हणायचो. वर्षभरात मामाच्या घंटीचा आवाज कमी झाला. आठवड्याला दोन गिऱ्हाइकं, मग एक, मग महिना कोरडा. मामीनं मला बोलावून घेतलं. "त्यांना सांगू नकोस मी सांगितलं म्हणून," ती म्हणाली, "पण दुकान बंद पडलं तर हा माणूस घरात बसून माझे केस मोजेल."

मी मामाचं अकाउंट काढलं, आणि आजवर केलेल्या कामांत मला ते सर्वांत आवडतं. राखाडी कापड, खिडकीतला उजेड, मामाचे हात आणि आकडी. संगीत नाही, जाळीतून केस ओढला जाताना येतो तेवढाच आवाज. खाली एक वाक्य. आणि सगळ्यांत वरचा नियम मी वहीत लाल शाईनं लिहिला: चेहरा नाही. गिऱ्हाइकाचा नाही, मामाचा नाही, कोणाचाच नाही. विचारणारा प्रत्येक जण आधी तेच विचारायचा, "माझं नाव कुठे येणार नाही ना?" मी ठरलेलं उत्तर द्यायचे, "आमच्याकडे नाव लिहीतच नाहीत." मामीनं ते वाचलं तेव्हा म्हणाली, "हे बरं लिहिलंस. हे वाचून मीसुद्धा आले असते."

आठ महिन्यांत सहाशे बारा फॉलोअर आणि अकरा नवी गिऱ्हाइकं. अकरा! पाच आठवड्यांचा एक टोप धरला तर मामाचं वर्ष भरलं होतं. चालत होतं, हे मी मुद्दाम सांगते. पुढचं सगळं ऐकून कोणी म्हणेल की बिचारे अडले होते, नाइलाज होता. आम्ही अजिबात अडलो नव्हतो.

पण मामाला आकडा बघायची चटक लागली. आधी तो फोनला हात लावत नसे, बोटांना तेल लागतं म्हणायचा. मग कामाच्या टेबलावर फोन उभा राहिला. दहा गाठी मारायच्या आणि बघायचं. "सहाशे बाराच?" असं तो मला विचारायचा, जणू उरलेले मी पर्समध्ये घालून नेलेत. मामी म्हणायची, "अहो, तुमची दोनशे डोकी एकतीस वर्षांत झाली, ही सहाशे नुसत्या आठ महिन्यांत झाली. काय हवंय अजून?" मामा म्हणायचा, "त्या दोनशेंपैकी एकानं तरी कुणाला सांगितलं का?"

मग ते 'झाकण' आलं. तुम्हीही पाहिलं असेल. एक टुकार गाणं, त्यात ढोल थांबतो, क्षणभर शांतता, आणि ठोका पडला की झाकलेलं काहीतरी ओढून उघडं करायचं. कोणी केकवरचं कापड ओढायचं, कोणी गाडीवरचं, कोणी झोपलेल्या नवऱ्यावरचं पांघरूण. चकचकीतनं भाड्यानं एक टकलू आणला, त्याला खुर्चीत बसवलं आणि ठोक्यावर विग ओढला. नऊ लाख लोकांनी पाहिलं.

मामानं तो व्हिडिओ किती वेळा पाहिला देव जाणे. मी दुकानात गेले तेव्हा तो नाकाजवळ फोन धरून बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते. "जाळी दिसतेय," तो म्हणाला. "कपाळावर जाळी दिसतेय त्याची! आंधळ्यालाही दिसेल. आणि नऊ लाख माणसं वा वा करतायत." फोन ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. "माझं काम कोणी पाहिलंय? सांग ना. मी मेलो तर कोणाला कळणार आहे की मी काय करत होतो?"

मला त्याची दया आली. चुकलं असेल तर ते तिथपासून. मी म्हणाले, "करू, पण आपल्या पद्धतीनं." लाकडी डोक्यावर नवा टोप बसवला, त्यावर आपलंच राखाडी कापड टाकलं, खिडकीतला उजेड घेतला आणि ठोक्यावर कापड ओढलं. ट्रेंडला आपले कपडे घातले. तीनशे चाळीस लोकांनी पाहिलं. एकानं खाली लिहिलं, "लाकडाला कधी केस गळती होते का काका?" मामानं ते मला चष्मा लावून वाचून दाखवलं, आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मामी दुकानात आली. तिच्या अकराव्या टोपाची कानामागची शिवण सैल झाली होती. मामानं दोन टाके घातले, टोप परत बसवला, आणि अगदी सहज म्हणाला, "अगं, पाच मिनिटं बस. पाठमोरी. केस कसे पडतात तेवढं हिला दाखवायचंय." मी तिथंच होते. मामीनं मला विचारलं, "चेहरा नाही ना गं?"

"नाही मामी. नियमच आहे."

मामी पाठ करून बसली. खिडकीचा उजेड केसांवर फार सुंदर पडला होता, काळे, करडे, पांढरे, एकेक करून बांधलेले. मी फोन लावला. मामा म्हणाला, गाणं लाव, वेळ कळू दे. मी लावलं. मला शपथ घालून विचारलं की तुला माहीत होतं का, तर मी नाही म्हणेन. पण गाणं कशाला, हे मी विचारलं नाही, हेही तितकंच खरं.

ढोल थांबला. ठोका पडला आणि मामानं टोप ओढला.

मामी गर्रकन वळली. तिचा चेहरा सरळ फोनमध्ये आला, वर पांढरं, गुळगुळीत, लहान मुलासारखं डोकं. तिनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले, पण हातांत डोकं मावत नाही. ती मामाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. आणि मामा हसत होता, आजवर पाहिला नाही इतका खुशीत. "बघा! कळलं होतं का कोणाला? बत्तीस वर्षं!" असं म्हणत त्यानं टोप उजेडात उंच धरला आणि कपाळाची कड फोनसमोर आणली, जाळी कशी दिसत नाही ते दाखवायला.

"द्या ते," मामी म्हणाली.

"थांब गं, कड दिसू दे."

"अहो, द्या ते."

त्यानं तिला आणखी दोन सेकंद थांबवलं. मी नंतर मोजले. मग ती टोप घेऊन मागच्या खोलीत आरशापुढे गेली.

"टाक," मामा म्हणाला.

"मामा, चेहरा आहे. आपला नियम आहे."

"नियम गिऱ्हाइकासाठी. ती काय गिऱ्हाईक आहे? घरची बाई आहे."

यावर मी काय म्हणायला हवं होतं ते कुठल्याही शेंबड्या पोराला कळलं असतं. मी म्हणाले, "आपल्या ब्रँडमध्ये बसत नाही." असं म्हणाले मी! आत माझी मामी आरशापुढे टोप परत बसवत होती आणि बाहेर मी तिच्या वतीनं राखाडी रंगाबद्दल बोलत होते.

ती बाहेर आली तेव्हा केस जागच्या जागी होते. कोणी म्हणालं नसतं काही झालंय. तिनं पर्स उचलली आणि मला विचारलं, "पुसलंस ना?"

"हो," मी म्हणाले.

ती मागच्या दारानं गेली, गिऱ्हाइकं जातात तशी.

पुसेन असंच मनात होतं. पुसायच्या आधी एकदा पाहिलं. आणि मला जे दिसलं ते कबूल करायला हवं: व्हिडिओ उत्तम होता. ठोका, ओढणं, वळणं, चेहरा, सगळं केसाचाही फरक न पडता तालावर. मी दिवसाला पन्नास बघते, असा महिन्यात एक येत नाही. मी तिचा चेहरा धूसर करून पाहिला, तर एखाद्या गुन्ह्याची बातमी वाटायला लागली. चेहऱ्यावर फूल चिकटवून पाहिलं, ते तर फारच वाह्यात दिसत होतं. मग दोन्ही काढलं. ट्रेंड जेमतेम दोन दिवसांचा सोबती राहिला होता. मामा मानेजवळ उभा राहून श्वास घेत होता. मी बटण दाबलं. त्यानं नाही, मी दाबलं.

संध्याकाळपर्यंत दोन लाख. दुसऱ्या दिवशी चौदा. तिसऱ्या दिवशी चाळीस लाख, आणि शहाऐंशी हजार फॉलोअर. मामा आकडे मोठ्यानं म्हणायचा, लहान मूल पाढे म्हणतं तसं. त्याच्या कामाबद्दल कोणी काही लिहिलं का? लिहिलं. चार जणांनी. बाकी सगळ्यांनी मामीबद्दल लिहिलं. "बत्तीस वर्षं अंड्याशी संसार." "काकू, उन्हात जाऊ नका, विमानं उतरतील." ज्याला सर्वांत जास्त हसणारे चेहरे मिळाले ते होतं: "काका, आता खालचं पण झाकण उघडा." मामानं ते वाचलं आणि म्हणाला, "लोक आहेत, बोलणारच." मग पुढे बोट फिरवलं.

वाचनालयात शांतता पाळायची असते. चौथ्या दिवशी मामी टेबलावर बसली होती, रांगेत सात-आठ माणसं. वाचनाच्या खोलीत कोणीतरी फोनवर हळूच ते गाणं लावलं. ढोल वाजले, थांबले. रांगेतल्या एकानं हवेत हात नेला आणि ठोक्यावर ओढल्यासारखं केलं. सगळी खोली फसकन हसली. त्यात त्या 'रंग लावत नाही ते छान दिसतं' म्हणणाऱ्या बाईही होत्या. मामीनं हातातल्या पुस्तकावर शिक्का मारला, ते समोरच्याला दिलं, आणि शिक्क्याची डबी बंद केली. हे मला तिथल्या शिपायानं सांगितलं. तो हसला नव्हता, असं त्यानं दोनदा सांगितलं.

मामा घरी आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर अकरा टोप ओळीनं मांडलेले होते. पहिला काळाभोर, मग कानशिलांवर पाच-सहा, मग बट, मग करडा, शेवटचा कालचा. सव्विसाव्या वर्षापासून अठ्ठावन्नपर्यंतची बाई टेबलावर ठेवलेली होती, आणि घरात कोणी नव्हतं. ती डोक्याला रुमाल बांधून बहिणीकडे गेली. कपडे नेले, चष्मा नेला, केस एकही नाही.

मी फोन केला. चार वेळा उचलला नाही, पाचव्यांदा उचलला. मी रडत होते, बरंच काही बोलत होते. मी व्हिडिओ काढून टाकलाय मामी, सगळीकडून काढायला सांगितलंय, अर्ज केलेत. माझं संपल्यावर ती म्हणाली, "तू हो म्हणाली होतीस." आणि फोन ठेवला. माझ्या बावीस वर्षांचं तिनं काही म्हटलं नाही. मला वाटतं, तिच्या हिशेबी ती वर्षं आता नव्हतीच.

मग डोकी गेली. पहिली आली सत्त्याऐंशी नंबर, शाळेत शिकवणारी, वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. ती पुढच्या दारानं आली नाही, मागच्या बोळातून आत शिरली. बसली नाही. "माझं डोकं द्या," म्हणाली. मामा म्हणाला, "अहो बाई, तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही. ती घरची गोष्ट होती."

"म्हणूनच," ती म्हणाली. "घरच्या बाईचं हे केलंत. मी तर बाहेरची."

तिनं लाकडी डोकं ओढणीत गुंडाळलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी तीन आले, मग रोज. कोणी पिशवी आणायचं, कोणी खोका. एक म्हातारे गृहस्थ पिशवी आणायला विसरले म्हणून स्वतःचं डोकं कोटात लपवून घेऊन गेले, आणि मला एवढ्यातही हसू आलं. त्या अकरा नव्यांपैकी नऊ आले. उरलेल्या दोघांनी निरोप पाठवला की जाळून टाका. मामा प्रत्येकाला शिडीवर चढून डोकं काढून द्यायचा. महिन्याभरात फळ्यांवर धुळीतले गोल तेवढे राहिले. नवं कोणी आलं नाही. शहाऐंशी हजारांमधलं एक माणूस त्या दारापर्यंत आलं नाही. त्यांना टोप नको होता, पुढचं झाकण हवं होतं. "आता काय उघडणार काका?" असं ते रोज विचारायचे.

मामानं मला तेच विचारलं. खरंच. रिकाम्या फळ्यांसमोर बसून म्हणाला, "सध्या काय चाललंय? नवीन काय आहे?" मी त्याच्यासमोर अकाउंट बंद केलं. त्यानं अडवलं नाही. नुसता म्हणाला, "शहाऐंशी हजार होते."

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं औषधाच्या दुकानाकडून चाललो होतो. मामा हल्ली हळू चालतो. दुपार होती, ऊन डोक्यावर. समोरून मामी आली.

तिच्या डोक्यावर विग होता. चकचकीतचा, मी डबा पाहिल्यासारखा ओळखला. डांबरासारखा काळा, एकही पांढरा केस नाही, भांग पट्टीनं आखलेला. अठ्ठावन्न वर्षांच्या चेहऱ्यावर सव्विसाव्या वर्षाचे केस, तेही कोणा दुसरीच्या. उजवीकडे सरकला होता, आणि कपाळावर जाळी दिसत होती. रस्त्यावरचा कोणीही सांगू शकला असता. बत्तीस वर्षं जी कोणाला कळली नाही ती बाई आता वीस पावलांवरून कळत होती, आणि तिला त्याचं काहीही वाटत नव्हतं.

मामाचा हात आपोआप वर गेला. कपाळाची कड सारखी करायला जातो तसा, दोन बोटं पुढे. मामी तीन पावलांवर आली. तिनं मामाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मान वर केली. तारेवर कबुतरं बसली होती. ती त्यांच्याकडे बघत आमच्या मधून, दोघांनाही धक्का न लागू देता, निघून गेली.

हाक तिनं मारायला हवी होती. तिनं मारली नाही. आणि आपण होऊन बोलायचं नाही, हे मामानं एकतीस वर्षं पाळलेलं. त्याचा हात थोडा वेळ हवेतच राहिला, मग खिशात गेला. त्यानंही वर पाहिलं.

मामा कोपऱ्यावर वळला. मग म्हणाला, "जाळी दिसत होती तिची. कड बसलेली नाही. कोणीतरी सांगायला हवं."

"हो," मी म्हणाले.

आम्ही दोघं पुढे चालत राहिलो.